भटकंतीचा ट्रक चोरीला गेला तर? नाशिकच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबडला माझं फॅब्रिकेशनचं लहानसं शेड आहे. पिकअपवर कॅम्परच्या पेट्या बांधून देतो. माझा स्वतःचा पिकअप पाथर्डी फाट्याजवळ सोसायटीच्या कंपाउंडबाहेर उभा असायचा: मागे प्लायवूड आणि ॲल्युमिनियमची पेटी, वर सौर पॅनल, आत झोपायची फळी आणि दोन बर्नरची शेगडी. एका पहाटे दूधवाल्याने बेल वाजवून विचारलं, "भाऊ, गाडी कुठं पाठवली का?" खाली गेलो. जागेवर ऑइलचा डाग होता, आणि चाकाला लावायच्या दोन विटा कंपाउंडच्या भिंतीवर नीट एकावर एक रचलेल्या होत्या. घाईतला माणूस विटा लाथेने उडवतो. हा आधी येऊन, बघून, बेत ठरवून आला होता.

गाडी ३७ दिवसांनी सापडली, पेटीशिवाय. तेव्हापासून शेडवर येणारा प्रत्येक जण जे विचारतो, ते इथे लिहून ठेवतो आहे.

गाडी जागेवर नाही. पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

आधी दोन फोन. घरातल्या कुणी, भावाने किंवा मेकॅनिकने नेली नाही ना? आणि वाहतूक शाखेने टो केली नाही ना? हप्ते थकले असतील तर फायनान्सवाल्यांनाही विचारा. वसुलीवाले रात्रीच गाडी उचलतात आणि मग चोरीची फिर्याद हास्यास्पद ठरते. यात पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. लगेच ११२ लावा. नंबर, रंग, वर काय आहे, शेवटची कधी पाहिली, एवढं सांगितलं की पुरे.

जागेचे फोटो काढा. काच फुटून पडली असेल, कुलूप तुटून पडलं असेल, तर हात लावू नका आणि शेजाऱ्यांनाही लावू देऊ नका. मी त्या विटा उचलून बाजूला ठेवल्या. नंतर हवालदारांनी "हात का लावला?" म्हणून विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोटारसायकल काढून चारही दिशांना पळत सुटू नका. सापुतारा इथून साधारण ८० किलोमीटर आहे. रात्री दोनला निघालेली गाडी पहाटे पाचच्या आत गुजरातच्या हद्दीत असू शकते.

फास्टॅग लगेच ब्लॉक करू का?

नको. मनात पहिलं तेच येतं, पण थांबा. टोल कापला गेला की मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो, आणि त्यात नाक्याचं नाव आणि वेळ असते. घोटीचा मेसेज आला तर गाडी मुंबईकडे, पिंपळगाव बसवंतचा आला तर धुळ्याकडे, शिंदे गावच्या नाक्याचा आला तर पुण्याकडे. तपासाला यापेक्षा फुकट आणि पक्का धागा मिळत नाही. मेसेज आला की स्क्रीनशॉट काढून तपासी अंमलदाराला पाठवा. त्या लेनच्या कॅमेऱ्यात ड्रायव्हरचा चेहरा असू शकतो, पण ते फुटेज पोलिसांनीच मागवायचं असतं. नाक्यावर जाऊन तुम्ही भांडलात तर कुणी देणार नाही.

वॉलेटमध्ये पैसे कमी ठेवा म्हणजे नुकसान मर्यादित राहतं. पेठ रस्त्याने, दिंडोरी-वणीकडून किंवा त्र्यंबक-जव्हारकडून गाडी गेली तर मात्र हे तीन नाके लागतच नाहीत. मेसेज आला नाही म्हणजे गाडी शहरातच आहे, असं धरून बसू नका.

ट्रॅकरवर गाडी दिसते आहे. चार मित्र घेऊन जाऊ का?

नाही. लोकेशन लाइव्ह पोलिसांना शेअर करा आणि फोन चालू ठेवा.

फिर्याद कुठल्या ठाण्यात? गाडी भंडारदऱ्याला मुक्कामी असताना गेली तर?

गाडी जिथून गेली त्या हद्दीत. नाशिकमध्ये हद्दींचा गोंधळ होतो, कारण शहर आयुक्तालय वेगळं आणि नाशिक ग्रामीण वेगळं. गंगापूर धरणाच्या काठावरून गाडी गेली तर नेमकं कोणाकडे, हे तुम्ही ठरवत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्यात खबर नोंदवून घ्यावी लागते. यालाच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणं म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. खबर ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३. जुनं ३७९ लोकांच्या तोंडी अजून आहे.

"दोन दिवस बघा, सापडेल" असं ऐकायला मिळालं तर आवाज चढवू नका. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या, तरीही नोंद झाली नाही तर वरिष्ठांना टपालाने पाठवा. तेही याच कलमात आहे. विम्यासाठी "आम्ही त्याच दिवशी गेलो होतो" हे सिद्ध करणारा तो शिक्काच पुढे कामी येतो.

फिर्यादीत काय सांगायचं? आपली गाडी तर लाखात एक आहे, कोणीही ओळखेल.

इथेच सगळे फसतात, मीही फसलो. आपल्याला वाटतं, चोराने आपला ट्रक नेला. चोर नेतो तो पिकअप. पेटी त्याच्या दृष्टीने अडचण आहे: रात्रीत उतरवायची, पत्रा भंगारात, पॅनल आणि बॅटरी ओळखीच्या गिऱ्हाइकाला, की खाली पांढरा पिकअप उरला, आणि तसे या जिल्ह्यात द्राक्षं, कांदे आणि टोमॅटो वाहणारे किती आहेत ते तुम्हीच मोजा. लाखात एक असलेली गाडी एका रात्रीत लाखातली एक होते.

म्हणून फिर्यादीत पेटीचं वर्णन द्याच, पण भर द्या पेटी गेल्यावरही उरणाऱ्या खुणांवर. १७ अंकी चेसिस नंबर, इंजिन नंबर, हाय सिक्युरिटी पाटीवरचा लेझरने कोरलेला क्रमांक (पुढच्या आणि मागच्या पाटीवरचा वेगवेगळा असतो). चेसिसला पेटीच्या बोल्टसाठी पाडलेली भोकं किती, कुठे. डाव्या मागच्या मडगार्डला वेल्डिंगचा टाका. केबिनच्या छतात वायर नेण्यासाठी पाडलेलं छिद्र आणि त्यावर लावलेलं काळं सिलिकॉन. माझी गाडी पाटी बदललेल्या अवस्थेत सापडली आणि ओळख पटली ती चेसिसवरच्या आठ भोकांवरून. ती मीच पाडली होती आणि त्यातलं एक चुकून अर्धा इंच सरकलेलं होतं.

एक सवय लावा. आरटीओच्या कामाला एजंट चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतो आणि ठसा घेतो, तसा एक ठसा स्वतःसाठी घेऊन घरात ठेवा. सौर पॅनल, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, फ्रिज यांचे सीरियल नंबर एका वहीत लिहा. पेटीच्या फळ्यांच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही तिथे, गाडीचा नंबर पंचने ठोकून ठेवा.

सीसीटीव्ही फुटेज पोलीस घेतीलच ना?

घेतील, पण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) त्यांची वाट बघत नाही. जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं; कुणाकडे आठवडा टिकतं, कुणाकडे महिना. त्याच दिवशी रस्त्यावरची किराणा दुकानं, मेडिकल, पेट्रोल पंप फिरा, हात जोडून "एवढं जपून ठेवा" म्हणा आणि दुकानांची यादी तपासी अंमलदाराला द्या. अजून एक: दुकानात उभं राहून डीव्हीआरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ यांतला फरक लिहून घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलचा डीव्हीआर २० मिनिटं मागे होता. त्यामुळे आम्ही दोन दिवस भलत्याच टेम्पोच्या मागे होतो.

विमा कंपनीला कधी कळवायचं? चार दिवस उशीर झाला तर क्लेम जातो का?

त्याच दिवशी कळवा: फोन करा, ईमेल करा आणि क्लेम नंबर घ्या. उशीर झालाच तर सगळं संपत नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोलिसांत फिर्याद तातडीने दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. पण हा निकाल वापरायची वेळ ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढल्यावर येते. त्यापेक्षा एक ईमेल स्वस्त.

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. हे ऐकून आजही दोनांतला एक माणूस माझ्याकडे बघतच राहतो.

मी पेटीवर चार लाख घातले. ते मिळतात का?

कागदावर असतील तर. पॉलिसीत जी घोषित किंमत लिहिलेली असते ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीतून घसारा वजा करून काढतात. बहुतेक ठिकाणी अजून जुन्या मोटार टॅरिफचा तक्ता चालतो: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. समजा पिकअपची किंमत ९ लाख आणि दोन वर्षं पूर्ण झालेली: ६ लाख ३० हजार. यात पेटी कुठेही नाही. पॅनल, बॅटरी, फ्रिज ही विजेवर चालणारी आणि पेटी, फळी, रॅक ही बिगरविजेची ॲक्सेसरी म्हणून आधी जाहीर करावी लागते, किंमत लिहून घ्यावी लागते, जादा प्रीमियम भरावा लागतो आणि तशी नोंद पॉलिसीच्या पानावर छापून यावी लागते. एजंटने "हो, धरलंय त्यात" म्हटलं म्हणजे धरलेलं नसतं. पान उघडा आणि आकडा शोधा.

त्यासाठी लागतात बिलं. आता माझी गंमत ऐका. पेटी मीच बांधली, स्वतःच्या शेडमध्ये, आणि स्वतःला बिल कोण देतं? प्लायवूडच्या पावत्या भरलेला चहाचा डबा त्याच वर्षी दिवाळीच्या सफाईत गेला. गिऱ्हाइकाला जीएसटीचं बिल, मोजमापाचा नकाशा आणि फोटो असं पाकीट मी आता न मागता देतो. कुणी म्हणतं, "बिल नको, तेवढे कमी करा." करत नाही.

आतला लॅपटॉप, कॅमेरा, कपडे यांचा गाडीच्या विम्याशी संबंध नाही.

पेटी बांधली पण आरटीओत नोंद केलेली नाही. मग?

मग क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयती काठी दिलीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदल आरसीवर यावा लागतो. बांधून झाल्यावर विचारायला जाऊ नका. काय चालेल हे काम सुरू करायच्या आधी पेठ रोडच्या कार्यालयात जाऊन विचारा. दोन हेलपाटे होतील, रांगेत घाम निघेल. पुढे बदलाची प्रत विमा कंपनीला द्या आणि पोच घ्या.

क्लेमला कोणते कागद लागतात? "अ समरी" म्हणजे काय?

एफआयआर, आरसी, पॉलिसी, दोन्ही मूळ किल्ल्या, आरटीओत चोरीची नोंद झाल्याचा पुरावा, मालकी हस्तांतराचे सही केलेले २८, २९, ३० नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि शेवटचा पण सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे अ समरी. आपल्याकडे तपास करूनही आरोपी आणि गाडी सापडली नाही की पोलीस "गुन्हा खरा, पण शोध लागला नाही" असा अहवाल कोर्टाला पाठवतात, त्याला अ समरी म्हणतात. कोर्टाने तो मंजूर केला की त्याची नक्कल काढायची. महिने जातात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं, तोवर कुणी कळवलं नाही तर नम्रपणे जाऊन विचारा. चिडलात तर फाइल खाली जाते, हा माझा अनुभव.

एकच किल्ली सापडते आहे.

खरं ते सांगा. दुसरी कधी, कुठे हरवली ते लिहून द्या. हरवली तेव्हाच पोलिसांत गहाळ नोंद केली असेल तर उत्तम. बाजारातून नवी करून मूळ म्हणून जमा करू नका. पंक्चरच्या दुकानासमोर किल्ली गाडीलाच ठेवून चहाला गेलात आणि गाडी गेली, तर कंपनी "योग्य काळजी घेतली नाही" म्हणून रक्कम कापते किंवा नाकारते.

गाडीच नाही, तरी हप्ते भरायचे?

भरायचे. कर्ज गाडीचं नसतं, तुमचं असतं. बँकेला एफआयआरची प्रत देऊन मुदत मागून बघा. नंतर तुमच्या नावावर ई-चलन आलं तर तीच प्रत जोडून हरकत नोंदवा. चलनावरचा फोटो आणि ठिकाण तपासाला द्यायला विसरू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, आता एकाचा फोन आला: "गाडी बघितलीय, २० हजार टाका."

असे फोन येणारच. मला तीन आले. फोटो टाकताना एक खूण राखून ठेवा. मी डॅशबोर्डवरचा पितळी नंदी सांगितला नव्हता. फोन करणाऱ्याला विचारायचो, "डॅशबोर्डवर काय आहे?" एक म्हणाला गणपती, एक म्हणाला साईबाबा, तिसऱ्याने फोन ठेवला. पैसे पाठवू नका, नंबर पोलिसांना द्या.

किल स्विच (इंजिन चालू होऊ न देणारं लपवलेलं बटण) कुठे बसवायचा?

कुठे ते इथे लिहिलं तर स्विचचा उपयोग काय? कशावर बसवायचा ते सांगतो. बरेच जण नुसती स्टार्टरची लाइन तोडतात. डिझेल पिकअप उतारावर दुसरा गिअर टाकून ढकलला तर स्टार्टरशिवाय चालू होतो, आणि तुम्ही गाडी उताराला लावली असेल तर चोराचं काम तुम्हीच केलंत. नव्या कॉमन रेल इंजिनला ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) किंवा फ्युएलचा पुरवठा, जुन्या पंपाच्या इंजिनला स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद करणारा विजेचा भाग), अशा जागी तोडा. रिले चांगल्या प्रतीचा लावा, काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करा, आणि वॉरंटी चालू असेल तर शोरूमला विचारून. मोबाइलवरून चालत्या गाडीचं इंजिन बंद करण्याच्या फंदात पडू नका: स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर दगा देतो आणि कसारा घाटात दुसऱ्याच कुणाचा जीव जातो.

क्रेनने उचलून नेली तर स्विच निरुपयोगी. त्यासाठी चाकाचं जाड पिवळं कुलूप. दिसायला ओंगळ, पण लांबून दिसतं हाच त्याचा गुण.

ट्रॅकर कोणता घ्यावा?

ज्याचा रिचार्ज तुमच्या लक्षात राहील तो. माझ्या गाडीत ट्रॅकर होता. सिमची मुदत संपून ११ दिवस झाले होते.

शक्य असेल तर दोन लावा. एक गाडीच्या बॅटरीवर चालणारा, पण आत स्वतःची लहान बॅटरी असलेला, म्हणजे वायर कापल्यावरही काही तास बोलतो. डॅशबोर्डच्या मागे नको, तिथे हात आधी जातो. दुसरा पेटीत, कारण पेटी वेगळी होते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याआड जीपीएसचा सिग्नल मरतो, म्हणून तो छताच्या फायबरच्या झाकणाखाली ठेवा. जव्हारच्या जंगलात रेंज नसते. ट्रॅकर गप्प झाला म्हणजे कापला गेला असंच नाही. ब्लूटूथचे छोटे टॅग आसपास दुसऱ्यांचे फोन असतील तरच जागा सांगतात: शहरात कामाचे, वैतरणेच्या काठावर नाहीत.

मुक्कामी गाडी कुठे लावायची?

एकांत हवा म्हणून तर हा ट्रक बांधला, हे मला कळतं. पण हरिहर किंवा अंजनेरी चढायला जाणार असाल तर गाडी पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात लावा, ५०-१०० रुपये द्या, चहा प्या, नाव सांगा. पोलीस पाटलांना फोन नंबर देऊन ठेवा. माणसाची नजर असलेली गाडी कुणी सहसा हलवत नाही. गडावर असताना "आम्ही आत्ता इथे" म्हणून फोटो टाकू नका, खाली उतरल्यावर टाका. शहरात नाक भिंतीकडे करून लावा, पुढची चाकं वळवून.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत तर गाडी शेडमध्ये कुलूपबंद ठेवा आणि बसने फिरा.

नुसती स्टेपनी, बॅटरी, पॅनल गेलं तर?

फिर्याद द्या. विम्याचं मात्र पॉलिसी वाचून बघा: व्यावसायिक वाहनाच्या पॉलिसीत सहसा अट असते की गाडी सोबत चोरीला गेली नसेल तर फक्त ॲक्सेसरीच्या चोरीचे पैसे नाहीत. पॅनलला साधे नटबोल्ट न लावता कसले की डोकं तुटून जाणारे बोल्ट लावा.

गाडी सापडली! आता घरी आणू?

लगेच नाही. ती आता मुद्देमाल आहे. पंचनामा होतो, मग कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करण्याच्या हमीवर, ताबा मिळतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं आहे की वाहनं ठाण्याच्या आवारात सडवत ठेवण्यात अर्थ नाही, फोटो आणि बंधपत्र घेऊन ती परत द्यावीत. वकिलाला याची आठवण करून द्यावी लागत नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं. विमा कंपनीने आधीच पैसे दिले असतील तर गाडी कंपनीची.

ताबा मिळाला की चालवत आणू नका, टोइंगने आणा. ब्रेकचं ऑइल, चाकांचे नट, डिझेलची टाकी, सगळं बघा. आत न ओळखीचं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवा. माझ्या गाडीत केबिनच्या सीटखाली कुणाचे तरी चपलांचे दोन जोड होते. तेही पंचनाम्यात गेले.

बंधपत्रात अट असते की खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, स्वरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. वकील म्हणाले, नवी पेटी बसवायची तर आधी कोर्टाची परवानगी घ्या. तो अर्ज अजून पडून आहे. तोवर मागचा हौदा मोकळा, आठ भोकांना रबरी बुचं मारलेली, आणि डॅशबोर्डवर नंदी तेवढा जागेवर.